नव्या टॅटूची राखण

टॅटू पुरा झाला की यंत्राची घरघर थांबते, कलाकार साबणाच्या पाण्याने कातडी हलकेच पुसून घेतो आणि खुर्चीतला माणूस आधी मोबाइल शोधतो. फोटो निघतात, मित्रांच्या ग्रुपवर जातात. फोटोत दिसतं ते चित्र. पण त्या घडीला हातावर असते ती तळव्याएवढी उघडी जखम, नेमक्या रेषांत आणि ठरवून केलेली. तिचं चित्र व्हायला अजून दोन-तीन आठवडे जायचे असतात. हे आठवडे कसे जातात यावर तो टॅटू पुढची तीस-चाळीस वर्षं कसा दिसणार, हे बरंचसं ठरतं.

टॅटूच्या डिझाइनवर, त्यामागच्या हौसेवर आणि घरच्यांच्या विरोधावर आपल्याकडे पुष्कळ लिहून झालं आहे. या आठवड्यांबद्दल मात्र मराठीत फारसं कुणी लिहिलेलं नाही. याच काळासाठी आता पुण्या-मुंबईच्या आणि गोव्याच्या स्टुडिओंतून एक पारदर्शक चिकटपट्टी सर्रास दिली जाते. कलाकार तिला ‘सेकंड स्किन’ म्हणतात, कुणी नुसतंच ‘फिल्म’ म्हणतात. सॅनिडर्म, टेगाडर्म ही त्यातली माहितीतली नावं. ही पट्टी खरोखर उपयोगी आहे, असं माझं मत आहे. पण अर्ध्या माहितीवर लावली तर तीच त्रास देते. म्हणून जरा तपशिलात जायला हवं.

सुईपासून सुरुवात करू. विजेवर चालणाऱ्या टॅटू-यंत्राचं पेटंट न्यूयॉर्कच्या सॅम्युअल ओ’रायली यांना १८९१ साली मिळालं. थॉमस एडिसन यांनी कागदाला भोकं पाडून नकला काढण्यासाठी विजेवर चालणारं पेन तयार केलं होतं, त्यावर ते बेतलेलं होतं. आजची यंत्रं हलकी आणि कमी आवाजाची झाली असली, तरी मूळ काम तेच आहे. सुयांचा जुडगा सेकंदाला कित्येक डझन वेळा वरखाली होतो आणि दर वेळी साधारण एक ते दोन मिलिमीटर आत शाई सोडून येतो. एवढं खोल जाणं भागच असतं. कातडीचा वरचा थर सतत झडत असतो, त्यात शाई ठेवली तर महिन्याभरात ती निघून जाईल. त्याखालच्या थरात ती पोचली तरच टिकते.

तिथे ती टिकते कशी, हेही ऐकण्यासारखं आहे. शरीराच्या लेखी शाई म्हणजे परकी घुसखोर. तिला गिळायला पांढऱ्या पेशींच्या कुळातल्या भक्षकपेशी धावून येतात, शाईचे कण पोटात घेतात, पण ते त्यांना पचत नाहीत. फ्रान्समधल्या मार्से इथल्या संशोधकांनी २०१८ साली उंदरांवरच्या प्रयोगांतून दाखवलं की अशी पेशी मेली की तिच्यातली शाई बाहेर पडते आणि शेजारची नवी पेशी ती लगेच गिळते. म्हणजे वर्षानुवर्षं एकाच जागी थांबलेलं दिसणारं चित्र प्रत्यक्षात एका पेशीकडून दुसरीकडे सोपवलं जात असतं. पहिल्या काही दिवसांत ही व्यवस्था अजून बसायची असते. त्यात जखम चिघळली, जाड खपली धरली किंवा ती नखाने उचकटली, तर त्या जागेचा रंग विरळ पडतो. नंतर टचअप करताना कलाकार जिथे शाई भरतात, त्यातल्या बऱ्याच जागा मुळात नीट न भरलेल्या जखमेच्या असतात.

आता खपलीबद्दल. जखम उघडी ठेवावी, वारं लागू द्यावं, खपली धरली म्हणजे बरी होतेय, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. जगभरच्या डॉक्टरांचंही फार काळ असंच मत होतं. १९६२ साली जॉर्ज विंटर या ब्रिटिश संशोधकाने ‘नेचर’ नियतकालिकात एक छोटा निबंध प्रसिद्ध केला आणि या समजुतीला धक्का बसला. त्याने डुकरांच्या कातडीवर उथळ जखमा केल्या, काही उघड्या ठेवल्या आणि काही पॉलिथिनच्या पातळ कागदाने झाकल्या. झाकलेल्या, ओलसर राहिलेल्या जखमांवर नवी कातडी जवळपास दुप्पट वेगाने आली. कारण साधं आहे. उघड्या जखमेचा वरचा भाग वाळून कडक होतो आणि कडेने सरकत येणाऱ्या नव्या पेशींना त्या वाळल्या थराच्या खालून वाट काढत यावं लागतं. ओल असेल तर त्या सरळ पृष्ठभागावरून पुढे सरकतात. पुढच्याच वर्षी हिनमन आणि मायबाख यांनी माणसांवर हेच पडताळून पाहिलं.

या शोधातून पुढे दवाखान्यातल्या पारदर्शक पट्ट्या आल्या. वाचकांपैकी बहुतेकांनी ही पट्टी पाहिली आहे, फक्त टॅटूवर नव्हे. रुग्णालयात सलाइनची सुई हातात घातल्यावर वरून चिकटवतात ती आरपार दिसणारी पट्टी हीच. पॉलियुरेथेनचा अगदी पातळ पडदा आणि त्याला एका बाजूने कातडीला सोसेल असा चिकट थर. या पडद्याचा खरा गुण त्याच्या अर्धवट बंदिस्तपणात आहे. बाहेरचं पाणी आणि जिवाणू तो आत येऊ देत नाही, पण आतली वाफ बाहेर जाऊ देतो आणि प्राणवायू आत येऊ देतो. शिवाय त्याचा चिकट थर कोरड्या कातडीला धरतो, ओल्या जखमेला फारसा धरत नाही.

स्वयंपाकघरातली क्लिंग फिल्म यातलं काहीच करत नाही. अजूनही अनेक ठिकाणी टॅटू झाला की ती गुंडाळून, कडेला कागदी टेप लावून गिऱ्हाइकाला घरी पाठवतात. दुचाकीवरून घरी पोचेपर्यंत धूळ लागू नये, एवढ्यापुरती ती ठीक आहे. रात्रभर ठेवली तर आत घाम कोंडतो, कडा उघड्याच असल्याने बाहेरची घाण आत शिरते आणि जिवाणूंना हवी तशी ऊब मिळते. दोन्ही पारदर्शक म्हणून दोन्ही सारख्याच, असं समजणारे पुष्कळ भेटतात. या एका गैरसमजापायी बरेच टॅटू बिघडतात.

पट्टी लावण्याचं काम किती निगुतीचं असतं ते पुण्यातल्या एका स्टुडिओत जवळून पाहायला मिळालं. विशीतला मुलगा हाताच्या आतल्या बाजूला देवनागरीत ‘आई’ लिहून घेत होता आणि ती आईच शेजारच्या स्टुलावर बसली होती. कलाकाराने काम संपताच हातमोजे बदलले. जखम धुतली, कागदी टॉवेलने टिपली, पुसली नाही. मग काही न करता तो थांबला. अंगातून येणारं पाणी थोडं थांबू द्यायचं असतं. कडेची कातडी अल्कोहोलच्या पुसणीने कोरडी केली, पण जखमेला ती लागू दिली नाही. केस आधीच काढलेले होते; केसांवर पट्टी धरत नाही आणि काढताना जीव जातो. रोलमधून तुकडा कापला तो चित्रापेक्षा चहूबाजूंनी इंचभर मोठा, आणि चारही कोपरे कात्रीने गोल केले. चौकोनी कोपरा शर्टाच्या बाहीला अडकून उचलला जातो, गोल कोपरा राहतो. एवढ्याशा गोष्टीवर पट्टी दोन दिवस टिकणार की पाच, हे ठरतं.

मग मागचा कागद सोलून त्याने पट्टी मधून टेकवली आणि बोटाने कडांकडे बसवत नेली. कुठेही ताणली नाही. ताणून लावलेली पट्टी मूळ आकारात यायला बघते, सोबत कातडीला ओढते आणि कडेला पाण्याचे फोड येतात. शेवटी वरचा आधाराचा कागद काढल्यावर हातावर काही आहे हेच कळेना.

“दादा, किती दिवस ठेवायची?” मुलाने विचारलं.

“उद्या संध्याकाळपर्यंत. आत काळं पाणी जमेल, घाबरायचं नाही. पण कडेने गळायला लागलं तर लगेच काढायची, उद्याची वाट बघायची नाही.”

“आणि घरी हळद लावली तर?” आईने विचारलं.

“नको काकू. डब्यातली हळद निर्जंतुक नसते. आणि तेलही नको, पट्टी सुटून येईल.”

काकूंचा प्रश्न रास्त होता. आपल्या आज्या-पणज्यांच्या कपाळावर, हनुवटीवर आणि हातांवर जी गोंदणं होती ती अशीच सांभाळली गेली. गोंदणाऱ्या बायका गावोगाव, जत्रा-बाजारांत फिरायच्या, काजळीचा रंग सुयांनी टोचायच्या, वर हळद-तेल लावायच्या. तुळस, चंद्रकोर, विंचू, सीतेची पाटी, नवऱ्याचं नाव. मेल्यावर दागिने इथेच राहतात, गोंदण तेवढं सोबत येतं, ही त्यामागची श्रद्धा. या बायकांच्या हाताला फार मोठी कला होती आणि हळदीमागचा विचारही चुकीचा नव्हता: जखमेला काहीतरी राखण हवी. मात्र त्या काळी एकच सुई अनेकांना टोचली जाई आणि कुणाला त्यातून काय जडलं याची नोंद कुणी ठेवली नाही. परंपरेचा आदर ठेवूनही एवढं म्हणायलाच हवं.

पट्टीखाली जमणाऱ्या त्या काळ्या पाण्याने सगळ्यात जास्त घबराट होते. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून पाहावं तर पट्टीखाली शाईच्या रंगाची लिबलिबीत पिशवी झालेली असते, चित्र ओळखूही येत नाही. माणसाला वाटतं, शाई वाहून चालली. तसं नसतं. ते पाणी म्हणजे रक्तातला द्रव, थोडं रक्त आणि वरच्या थरात राहिलेली, एरवीही निघून जाणारी जास्तीची शाई. ठळक काळा रंग भरलेल्या चित्रात ही पिशवी मोठी होते, बारीक रेघांच्या कामात जेमतेम दिसते. पिशवी कडेपर्यंत पोचली नसेल तर तिला हात लावायचा नाही. सुईने टोचून पाणी काढण्याचा उद्योग अजिबात करू नये. त्या भोकातून बाहेरचं आत येतं आणि पट्टी लावण्याचा उद्देशच संपतो. पिशवी कडेला पोचून गळू लागली, किंवा पट्टीची कड उचलून जखमेपर्यंत वाट झाली, तर मात्र ती वरून दुसरी पट्टी चिकटवून बुजवायची नाही. सगळी काढायची.

काढण्याचीही रीत आहे. बरेच जण बँड-एड ओढावी तशी झटक्यात वर ओढतात आणि सोबत नवी कोवळी कातडी निघते. कोमट पाण्याखाली हात धरायचा, चिकट थर सैल होऊ द्यायचा, एक कड सोडवायची आणि पट्टी कातडीला समांतर, हळूहळू लांबवत न्यायची. ताणली की ती आपोआप सुटत जाते. मग धुतलेल्या हातांनी, बिनवासाच्या सौम्य साबणाने सगळं बुळबुळीत धुऊन काढायचं, कागदी टॉवेलने टिपायचं आणि पंधरा-वीस मिनिटं वाऱ्यावर सुकू द्यायचं. न्हाणीघरातला पंचा इथे वापरायचा नाही; तो कितीही धुतलेला असला तरी घरभराचा असतो. बरेच कलाकार पहिली पट्टी चोवीस तासांनी काढायला लावतात आणि जखम धुतल्यावर दुसरी चार-पाच दिवसांसाठी देतात, कारण तोवर पाझर कमी झालेला असतो. दुसरी काढल्यावर बिनवासाचं लोशन, तेही कातडी नुसती ओलावेल इतकंच. पुढचे काही दिवस पापुद्रे निघतात, खाज सुटते. खाजवायचं नाही.

ही सगळी पद्धत मुळात थंड, कोरड्या हवेच्या देशांत रुळली. आपल्याकडे मे महिन्याचं मुंबई आहे, कोकण आहे, पावसाळ्याची दमट हवा आहे. पट्टी वाफ बाहेर सोडते हे खरं, पण लोकलच्या गर्दीत दीड तास निथळणाऱ्या अंगाचा सगळा घाम सोडण्याइतकी नाही. मग पट्टीखाली घामोळं येतं, केसांच्या मुळाशी पुटकुळ्या येतात, चिकट थर भिजून कड सुटते. बगलेजवळ, कोपराच्या किंवा गुडघ्याच्या आत, घोट्यावर तर ती टिकतच नाही. उकाड्यात टॅटू काढायचाच असेल तर पट्टीचे दिवस कमी करावेत. एक दिवस पट्टी आणि त्यानंतर उघड्या जखमेची नेटकी धुलाई, हा आपल्या हवेला मानवणारा मार्ग आहे. पाच दिवस ठेवायला सांगितली म्हणून घामाने सुटलेली पट्टी पाचव्या दिवसापर्यंत अंगावर वागवण्यात काही शहाणपण नाही.

गणपतीच्या आधी पुण्यात एक वेगळीच अडचण होते. ढोल-ताशा पथकातली मुलं-मुली नेमक्या त्याच दिवसांत दंडावर महाराजांची मुद्रा किंवा पाठीवर बाप्पा काढून घेतात आणि दोन दिवसांत सरावाला उभी राहतात. ढोलाचा पट्टा खांद्याला आणि कमरेला काचतो, टिपरूच्या प्रत्येक ठोक्याला घासतो, वर घाम. त्या घासणीपुढे कुठलीही पट्टी टिकत नाही. टॅटू काढायचाच तर मिरवणुकीच्या महिनाभर आधी किंवा विसर्जनानंतर काढावा. एवढं एक पथ्य पाळलं तरी अर्धी दुखणी टळतील.

गोव्यातली गोष्ट अधिक गंभीर आहे. हणजुणे, बागा, कळंगूटच्या किनाऱ्यांलगत टॅटूची दुकानं आहेत आणि सहलीची आठवण म्हणून सकाळी टॅटू काढून संध्याकाळी समुद्रात उतरणारे कमी नाहीत. ‘वॉटरप्रूफ आहे’ या शब्दावर त्यांचा भरवसा असतो. पट्टीवरून आंघोळीचं पाणी वाहून जाणं वेगळं आणि तासभर खाऱ्या पाण्यात, लाटांत बुडून राहणं वेगळं. कोमट समुद्राच्या पाण्यात व्हिब्रिओ कुळातले जिवाणू असतात. अमेरिकेत मेक्सिकोच्या आखातात, टॅटू काढल्यावर पाचच दिवसांनी पोहायला गेलेला एक ३१ वर्षांचा माणूस अशाच संसर्गाने दगावला. ब्रिटिश मेडिकल जर्नलच्या रुग्ण-अहवालांत २०१७ साली ही हकीकत प्रसिद्ध झाली. त्याचं यकृत आधीच आजारी होतं, म्हणून प्रत्येकाला इतका धोका आहे असं नाही. पण कातडी पूर्ण भरेपर्यंत समुद्र, तरणतलाव, नदी, विहीर सगळं बंद. गोव्याला जाऊन टॅटू काढायचाच असेल तर तो परतीच्या आदल्या दिवशी काढावा. ऊनही तितकंच टाळावं. भरत्या जखमेवर सनस्क्रीन लावता येत नाही, तेव्हा सैल सुती बाही हाच इलाज.

काही जणांनी ही पट्टी लावूच नये. ज्यांना बँड-एडच्या चिकट भागाने लाल चट्टे उठतात त्यांनी कलाकाराला आधी सांगावं. टॅटूच्या आधी एक लहान तुकडा धड कातडीवर दिवसभर लावून पाहणं अगदी सोपं आहे आणि ते जवळपास कुणीच करत नाही. ॲलर्जी ओळखायची खूण अशी की लाली आणि खाज चित्राच्या नव्हे, पट्टीच्या आकारात येते. आपल्या सावळ्या कातडीत अशा पुरळाचे काळे डाग महिनोन्‌महिने राहतात, म्हणून हे हसण्यावारी नेऊ नये. ज्यांच्या जखमेच्या खुणा फुगून वर येतात त्यांनी आणि मधुमेह ताब्यात नसलेल्यांनी टॅटूच्या आधीच डॉक्टरांशी बोलावं. त्यांचा प्रश्न पट्टीचा नसून टॅटूचाच आहे.

आणखी एक सवय आपल्याकडे फार वाईट आहे. जरा लाल दिसलं की मेडिकलमधून मलम आणायचं. चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या या ट्यूबमध्ये पुष्कळदा स्टेरॉइड, बुरशीविरोधी औषध आणि अँटिबायोटिक एकत्र असतं. स्टेरॉइडने लाली तात्पुरती मावळते, जखम भरणं मंदावतं आणि खाली संसर्ग असेल तर तो झाकला जातो. देशातले त्वचारोगतज्ज्ञ गेली अनेक वर्षं या मलमांविरुद्ध कंठशोष करत आहेत.

पट्टीची एक मर्यादा मात्र स्वच्छ सांगितली पाहिजे. ती बाहेरून येणाऱ्या जिवाणूंना अडवते. सुईबरोबर किंवा शाईबरोबर जे आत गेलं त्यापुढे ती काही करू शकत नाही. न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर शहरात २०११-१२ मध्ये १९ जणांच्या टॅटूंवर हट्टी पुरळ उठलं. शोध घेतल्यावर क्षयाच्या जिवाणूच्या कुळातला मायकोबॅक्टेरियम केलोनी सापडला आणि माग निघाला तो आधीच पातळ करून विकलेल्या करड्या शाईपर्यंत. तिथे कलाकाराचा हात स्वच्छ होता, शाई दूषित होती. युरोपीय संघाने जानेवारी २०२२ पासून टॅटूच्या शाईतल्या हजारो रसायनांवर निर्बंध आणले ते याहून वेगळ्या, रसायनांच्या काळजीपोटी; पण दोन्हींचा अर्थ आपल्यासाठी एकच: शाईच्या बाटलीवर काय लिहिलंय ते विचारायचा गिऱ्हाइकाला हक्क आहे. सुई आपल्यासमोर सीलबंद पाकिटातून काढली का, शाई लहान टोपणात नव्याने ओतली का, ती पातळ करायला नळाचं पाणी तर घेतलं नाही ना, हे पाहायला दोन मिनिटं लागतात. हेपटायटिस बी आणि सी रक्तातून पसरतात आणि वापरलेल्या सुईतून ते सहज जातात. जत्रेत रस्त्याकडेला एकाच सुईने दहा जणांना टोचून वर कितीही महाग फिल्म लावली तरी तिचा उपयोग शून्य.

तेव्हा सुई, शाई, हातमोजे आधी, पट्टी नंतर. हा क्रम सांभाळणाऱ्या स्टुडिओत, घाम फार येणार नाही अशा जागेवर, ॲलर्जी नसलेल्या माणसाला ही पट्टी मी निःसंकोच सुचवीन. खपली जवळपास धरत नाही, चादर खराब होत नाही, झोपेत हात लागत नाही आणि रंग एकसारखा बसतो. उघडी जखम दिवसातून दोन-तीनदा धुऊन, हलकं लोशन लावूनही टॅटू उत्तम भरतो. त्याला वेळ आणि शिस्त जास्त लागते, इतकंच.

स्टुडिओ चालवणाऱ्यांना माझी एक कळकळीची विनंती आहे. गिऱ्हाईक खुर्चीतून उठतं तेव्हा ते थकलेलं असतं, आनंदात असतं, आणि तुम्ही तोंडी सांगितलेल्या दहा गोष्टींपैकी दोनच घरी पोचतात. पट्टीच्या पाकिटावरच्या सूचना इंग्रजीत असतात. एका बाजूला मावेल असं मराठी कार्ड छापा: कधी काढायची, कशी काढायची, काय दिसलं तर घाबरायचं नाही आणि काय दिसलं तर थांबायचं नाही. त्याला फार खर्च येत नाही.

आणि टॅटू काढणाऱ्यांनो, कार्ड मिळालं नाही तर मागून घ्या. पहिले दोन दिवस थोडी सूज, लाली, ऊब असणारच. पण तिसऱ्या दिवसानंतर लाली कमी व्हायच्या ऐवजी पसरत चालली, पिवळा-हिरवा दाट पू आला, वास येऊ लागला, लाल रेघ वर चढताना दिसली किंवा ताप भरला, तर पट्टी काढा, जागा धुवा आणि कलाकाराला फोटो पाठवून उत्तराची वाट पाहत बसू नका. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.